पसंत पडल्यास ठेवा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात माझ्या नावाचे एक खोके येऊन पडले. माझ्या नावाने आजवर टपालाने दोनच वस्तू आल्या होत्या : एक आधार कार्ड आणि दुसरे बँकेचे कार्ड. दोन्हींचा चेहरा सरकारी. हे खोके मात्र गुलाबी होते आणि त्यावर नक्षीदार अक्षरांत माझे नाव छापलेले होते. दुकानदारमामांनी ते साबणाच्या खोक्यांवर सगळ्यांना दिसेल असे ठेवले होते. त्यामुळे ते माझ्या हाती पडेपर्यंत निम्म्या गल्लीला ठाऊक झाले होते, की यंत्रमागावरच्या आप्पांच्या धाकटीला मुंबईहून काहीतरी आले आहे.

त्यात कपडे होते. विकत घेतलेले नव्हेत, बघायला पाठवलेले.

योजना अशी होती. मोबाईलवर एक फॉर्म भरायचा आणि चारशे रुपये भरायचे. मग कुणी एक निवड करणारी बाई, आपल्याला न पाहता, आपल्यासाठी पाच कपडे निवडून महिन्याला एक खोके धाडते. घरी घालून बघायचे. पसंत पडेल ते पैसे भरून ठेवायचे आणि उरलेले पाच दिवसांच्या आत परत करायचे. एखादा जरी कपडा ठेवला, तरी ते चारशे त्याच्या किमतीतून वजा होतात. काहीच ठेवले नाही, तर ते त्या बाईची मजुरी म्हणून गेले. बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने ही जाहिरात मला दाखवली आणि म्हणाली, "तुला नाहीतरी दुकानात जायची भीती वाटते!"

खोटे नव्हते ते. स्नेहसंमेलनात निवेदन करायला मराठीच्या मॅडमनी माझे नाव घातले होते आणि माझ्याजवळ चांगले म्हणावेत असे दोन ड्रेस. त्यांतला एक ताईचा. दुकानात गेले की काउंटरमागचा माणूस आधी पायांतल्या चपलेकडे बघतो, मग "बजेट काय?" विचारतो आणि उत्तर यायच्या आत वीस ड्रेस उलगडून ढीग घालतो. त्या ढिगासमोर 'नको' म्हणायला जो धीर लागतो, तो आमच्या घरात कुणापाशीच नाही. आई तर अशा वेळी न आवडलेली वस्तूही घेऊन येते आणि वर्षभर "बरी हाय की" म्हणत राहते. खोक्याला तोंड नसते. त्याला 'नको' म्हणता येईल, हा माझा हिशेब. पैसे माझे होते. 'कमवा व शिका' योजनेत ग्रंथालयातल्या पुस्तकांना क्रमांक चिकटवून मिळालेले.

फॉर्मने मात्र मला चांगलेच अडचणीत आणले. पहिल्याच पानावर खांदा, छाती, कंबर, उंची. आमच्या घरी टेप नव्हती. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंना बोलावले. त्यांनी माप घ्यायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या ध्यानात आले की आजवर माझे माप कुणी घेतलेच नव्हते. ताईचे कपडे मला येत, किंवा येईपर्यंत मी थांबत असे. शाळेचा गणवेशसुद्धा 'वाढत्या अंगाचा' म्हणून दोन बोटे मोठाच असायचा. एकोणीस वर्षांच्या मुलीला आपल्या खांद्याची रुंदी ठाऊक नसावी, याचे काकूंना काही वाटले नाही. मलाच वाटले.

पुढे रंगाचे सहा चौकोन होते. आपल्या कातडीचा रंग त्यांतून निवडायचा. मी मोबाईलशेजारी हात धरून पाहिला, दिव्याखाली धरून पाहिला आणि शेवटी खऱ्यापेक्षा एक चौकोन अलीकडचा निवडला. मग 'तुमची शैली'. सहा हसऱ्या मुलींची चित्रे. त्यांच्यापैकी आपण कोण? मी 'मोकळी आणि आधुनिक' या मुलीवर बोट ठेवले. 'कपडे कुठे वापरणार?' या प्रश्नाला उत्तरे होती : ऑफिस, पार्टी, प्रवास, व्यायाम, घर. कॉलेज नव्हते. मी 'ऑफिस'वर खूण केली. तेव्हा ती क्षुल्लक गोष्ट वाटली होती.

आता पहिल्या खोक्याकडे वळते. वर एक छापील कार्ड होते. त्यात माझ्या मोकळ्या स्वभावाचे कौतुक होते. (आमच्या वर्गातल्या कुणी वाचले असते तर हसून मेले असते.) आत एक मोहरी रंगाचा कुर्ता, एक ढगळ पँट, पोट उघडे राहील असा एक टॉप, बिनगुंड्यांचे लांब जाकीट आणि घोट्यापर्यंतचा झगा. आईने तो टॉप उचलला, लहान मुलाचा समजून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "हे चुकून आलंया बघ."

आप्पा रात्रपाळी करून आले होते. आमच्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला, हे आम्हांला शाळेत सांगत. त्या गोष्टीतल्या शेवटच्या ओळींत कुठेतरी आप्पा येतात. गेली अठ्ठावीस वर्षे ते दुसऱ्याच्या शेडात माग चालवतात. बारा तास उभे. आई त्यांच्याच शेडात कांडी भरते. आप्पांच्या भुवयांवर, कानांवर कापसाची लव बसलेली असते. ऐन तारुण्यात त्यांचे केस पिकलेले दिसत, ते त्या लवेमुळे, असे आई सांगते. तर आप्पा आले, त्यांनी आधी साबणाने हात धुतले आणि मग तो कुर्ता अंगठा व तर्जनीत धरून चोळला.

"हे कुणी निवडलं?"

"मुंबईच्या एका बाईंनी."

"तिनं तुला कवा बघितलीया?"

"नाही बघितलं. फॉर्म भरला होता."

"कापड काय म्हणत्यात?"

मी चिठ्ठी वाचून दाखवली : सुती. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी कुर्त्याच्या आतल्या शिवणीतून, मी 'अहो, अहो' म्हणेपर्यंत, बोटभर धागा उपसला आणि काडी ओढून तो पेटवला. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची भुरभुरीत राख होते. हा आधी आखडला, मग वितळला आणि टोकाला काळी टणक गोळी राहिली. "निम्म्याला निम्मं पॉलिस्टर हाय," आप्पा म्हणाले आणि अंथरुणावर आडवे झाले.

माझ्या मात्र पोटात गोळा आला. परत पाठवायचे कपडे जसेच्या तसे असले पाहिजेत, अशी अट होती. धागा आतला होता, कुणाला दिसणार नव्हता. पण मला दिसत होता. झगा मला अधिक आवडला होता. तरी मी भीतीपोटी तो कुर्ताच ठेवला. किंमत १,०९९. चारशे वजा जाता ६९९ रुपये मी आणखी भरले. त्या खोक्यातली निवड मुंबईच्या बाईंनी केली नाही की मीही नाही. ती आप्पांच्या काडीने केली.

स्नेहसंमेलनात तोच कुर्ता घालून उभी राहिले. दिव्यांच्या झळीत पॉलिस्टर पाठीला चिकटत होते. पण मॅडम म्हणाल्या, "छान दिसतेस गं," आणि मागच्या रांगांतल्या ज्या मुली माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या, त्यांनी कुठून घेतला म्हणून विचारले. मी "मुंबईहून" म्हणाले. ते वाक्य उच्चारताना मला झालेला आनंद लपवण्यात अर्थ नाही. पुढच्याच आठवड्यात मेन रोडवरच्या दुकानाबाहेर त्याच धाटणीचा कुर्ता ५५० रुपयांची चिठ्ठी लावून टांगलेला दिसला, हेही सांगून टाकते.

कुतूहल म्हणून ग्रंथालयातल्या संगणकावर या धंद्याचे मूळ शोधले. ते अमेरिकेत आहे. २०११ साली कॅटरिना लेक या, हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकणाऱ्या तरुणीने 'स्टिच फिक्स' नावाची कंपनी काढली. तिथेही पाच कपडे, आणि निवडीचे वीस डॉलर, वस्तू ठेवल्यास वजा. आधी संगणक शेकडो कपड्यांतून काही सुचवतो आणि मग माणूस त्यांतून निवडतो. गिऱ्हाईक परत पाठवताना जे कारण लिहिते, त्यावर संगणक पुढच्या वेळी शहाणा होतो. कपड्यांइतकीच ती कारणेही मोलाची! २०१७ साली त्या कंपनीचे समभाग बाजारात आले. सगळ्यांचेच असे भले झाले नाही. 'ट्रंक क्लब' नावाची अशीच एक कंपनी 'नॉर्डस्ट्रॉम' या मोठ्या दुकानाने २०१४ मध्ये विकत घेतली आणि २०२२ मध्ये बंद केली. हे सारे ज्यांना दुकानात जायला वेळ नाही अशा माणसांसाठी निघाले, असे माझ्या ध्यानात आले. वेळ आमच्या घरीही नाही. पण वेळ वाचवायला पैसे मोजायचे असतात, ही कल्पना आमच्याकडे अजून पोचलेली नाही. आमच्याकडे पैसे वाचवायला वेळ मोजतात.

दुसरे खोके आले डिसेंबरात आणि 'ऑफिस'वर केलेली खूण माझ्या अंगाशी आली. दोन ताठ कॉलरचे शर्ट, काळी पँट, एक कोट, एक राखाडी स्कर्ट. मी कोट घालून आरशासमोर उभी राहिले. आई म्हणाली, "बँकेतल्या मॅडमसारखी दिसतीस," आणि तिच्या आवाजात एवढे काही होते की मी तो कोट चटकन काढून ठेवला. सारेच परत केले. चारशे रुपये गेले.

परत करताना प्रत्येक कपड्यापुढे कारण लिहायचे होते : माप, रंग, कापड, किंमत, शैली; आणि खाली मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेपाशी मी बराच वेळ अडले. न आवडण्याला कारण असते आणि ते कुणाला तरी हवे असते, ही गोष्ट मला नवी होती. आमच्या ताईला पाच ठिकाणची मंडळी बघून गेली. पाचही वेळा तिने तीच साडी नेसली, तेच पोहे केले. चार ठिकाणांहून "कळवतो" एवढाच निरोप आला. पाचव्या घरी तिचे लग्न झाले, तेव्हा पसंत का पडली हेही तिला कुणी सांगितले नाही आणि तिला मुलगा पसंत आहे का, हे विचारल्याचे तर मला आठवतच नाही. आत्या आता माझ्यासाठी एक स्थळ घेऊन घरी चकरा मारते आहे. दुसरे वर्ष होऊ द्या, असे आप्पांनी तिला सांगितले आहे. मी कोटापुढे लिहिले : 'छान आहे, पण अजून नाही.'

तिसऱ्या वेळी मी फॉर्म पुन्हा उघडला आणि खरे लिहिले. रंगाचा चौकोन बदलला. 'आणखी काही सांगायचे असल्यास' या जागेत जेवढे मावले तेवढे लिहिले. मी कॉलेजला रोज दोन किलोमीटर चालत जाते. कपडा रोज इस्त्री करता येत नाही. हाताने धुतला तरी टिकला पाहिजे. बाहीला गुंडी असावी, म्हणजे भांडी घासताना ती वर करता येते. आणि खिसा हवा. मुलींच्या कपड्यांना खिसा का नसतो, याचे उत्तर मला अद्याप कुणी दिलेले नाही. मोबाईल, किल्ली, पेन, सुटे पैसे सारे एका हातात घेऊन चालायचे आणि दुसऱ्या हाताने ओढणी सावरायची, म्हणजे रस्त्यात कुणी हात पुढे केला तर द्यायला हात उरत नाही.

जानेवारीत खोके आले आणि त्यात माझा कुर्ता होता. 'माझा' म्हणते ते विचार करूनच. गर्द निळे पॉपलिन, कोपराखाली बाही, तिला वर अडकवायची पट्टी आणि दोन्ही बाजूंना मनगटापर्यंत हात जाईल एवढे खोल खिसे. घातला आणि खांद्याची शिवण खांद्यावरच बसली. माझ्या आयुष्यात असे प्रथमच घडत होते. मी खिशांत हात घालून दोन्ही खोल्यांतून उगाचच फिरले. किंमत पाहिली : १,६५०.

चारशे वजा जाता १,२५० उरत होते आणि परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. दोन रात्री तो कुर्ता खुंटीवर होता. आप्पांनी खिशातले पिक मोजायचे भिंग काढले, कुर्ता भिंतीशी धरला आणि इंचातले आडवे धागे मोजले. "बावन्न. असलंच कापड आमच्या शेडात निघतंय."

"मग हे आपल्याकडचंच असेल का हो?"

"कुणाला ठावं? कोरं जातंय हितनं. म्होरं रंगवत्यात, छापत्यात. शिक्का काय मारून पाठवतो व्हय आपण?" तरी त्यांनी आणखी दोन ठिकाणी भिंग लावून पाहिले.

तिसऱ्या दिवशी मी जे केले ते लिहावे की नाही, यावर बराच विचार केला. शेजारच्या काकू आल्या. त्यांनी कुर्ता उताणा पसरला, वर्तमानपत्राचे चार कागद चिकवून त्यावर त्याचा काप उतरवला, खिशाची खोली बोटांनी मोजली. एक टाका उसवला नाही. आम्ही बाजारातून ९० रुपये मीटरने अडीच मीटर पॉपलिन आणले. काकूंनी २५० रुपये शिलाई घेतली. ४७५ रुपयांत तसाच कुर्ता झाला. अगदी तसाच नाही. काकूंची कॉलर थोडी वाकडी आहे. पण खिसे त्यांनी मुंबईपेक्षा अर्धा इंच खोल केले आहेत.

मूळ कुर्ता पाचव्या दिवशी परत गेला. कारणांच्या जागी मी 'किंमत' लिहिले. ते खरे होते, पण सगळे खरे नव्हते. खोके न्यायला आलेल्या मुलाकडे मला सरळ बघवेना. त्या बिचाऱ्याचा यात काय संबंध! माझी मैत्रीण म्हणते, सगळेच शिंपी सगळ्यांचे बघून शिवतात, यात चोरी कसली? काकू तर हसल्याच. पण कुणीतरी मी लिहिलेले वाचले होते आणि त्या ओळींना जागून तो कपडा शोधला होता. त्या खेपेचे बुडालेले चारशे रुपये त्या बाईंच्या मजुरीचे होते, ते त्यांना मिळाले, असे मी स्वतःला सांगते. कधी पटते, कधी पटत नाही.

आता हिशेब. तीन खोक्यांपायी माझे १,८९९ रुपये गेले आणि हाती आला तो निम्म्या पॉलिस्टरचा एक कुर्ता. आमच्यासारख्यांनी या फंदात पडू नये, हे उघड आहे. दुकान दहा मिनिटांवर आहे, शिवणारी काकू भिंतीपलीकडे आहे आणि कापड ओळखणारा माणूस घरातच झोपलेला आहे. मी जानेवारीनंतर योजना बंद केली. बंद करतानाही कारण विचारले होते.

पण ज्या मैत्रिणीने जाहिरात दाखवली, ती अजून खोके मागवते आणि मी तिला वेडी म्हणणार नाही. ती अंगाने जाड आहे. दुकानात शिरताच "तुमच्या मापात नाही" हे वाक्य तिच्या अंगावर येते. तेही मोठ्याने, गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात. तिच्या घरी खोके येते ते तिच्या मापाचे. दार लावून ती ते उघडते. त्यासाठी महिन्याला चारशे रुपये जास्त आहेत का, हे तिने ठरवायचे. तिचे वडील तेवढे देऊ शकतात, हाही भाग आहेच.

आईचे म्हणणे वेगळे. ती माझ्या गुलाबी खोक्याला प्रथमपासून 'तुझी भिशी' म्हणत होती. तिची स्वतःची साडी-भिशी आहे. कांडी भरणाऱ्या बारा बायका, प्रत्येकीचे महिन्याला अडीचशे रुपये. दर महिन्याला एक चिठ्ठी निघते आणि जिची निघेल तिला तीन हजारांची साडी. वर्षात प्रत्येकीची पाळी येतेच. "आमच्यात कुणी काडीमात्र बुडत न्हाई," ती म्हणायची, "आणि आमी सगळ्याजणी जातो. तुझ्या खोक्यात बोलायला कोण हाय?" मला ते पटले होते. निदान साडी तरी आई आपल्या मनाने घेत असेल, असे मी धरून चालले होते.

मार्चमध्ये आईची चिठ्ठी निघाली आणि तिने मलाही बरोबर नेले. बारा बायका आणि मी, मेन रोडवरच्या दुकानात गादीवर दोन तास बसलो. चहा झाला. साड्यांचा ढीग कमरेपर्यंत आला. दुकानदाराची "बजेट काय?" म्हणायची हिंमत झाली नाही. आईचा हात एका जांभळ्या साडीवर दोनदा गेलेला मी पाहिला. मी तिला हळूच म्हणाले, "आवडली तर सांग की!" तेवढ्यात पलीकडून कुणीतरी एक हिरवी साडी तिच्या खांद्यावर टाकली आणि अकराजणी एका सुरात म्हणाल्या, "हीच! हीच शोभते बघा!"

आईने पदर चाचपला, आप्पा चोळतात तसा अंगठ्याने चोळला आणि म्हणाली, "बरी हाय की."

मी खिशांत हात घालून उभी होते. दुकानदार घडी घालू लागला.

"थांबा," मी म्हणाले, "ती जांभळी एकदा उलगडून दाखवा."